मीठ-दोनची गाणी

द्राक्षं सुरू झाली की हायवेवरची हवा बदलते. नाशिकहून पिंपळगावकडे निघावं, ओझर मागे पडावं, की क्रेट रचलेले टेम्पो दिसायला लागतात आणि गाडीची काच जरा खाली केली तरी आंबटगोड, थोडासा उग्र वास आत शिरतो. परवा यंदाचा पहिला वास आला. शेजारी बसलेल्या इराने, माझ्या लेकीने, विचारलं, "आई, मावशीकडे हंगाम सुरू झाला?" मी "हो" म्हटलं. चार वर्षांपूर्वीचा एक हंगाम माझ्या डोक्यात असाच न विचारता शिरतो, आणि त्याच्याबरोबर सात गाणी शिरतात.

ती गाणी एका कार्टून सिनेमाची. "कार्टून नाही गं ताई, ॲनिमेशन," असं आशूने मला निदान शंभरदा तरी सुनावलं असेल. आशू म्हणजे अश्विनी, माझी धाकटी बहीण, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. तो सिनेमा होता परदेशातला, मिठागरात राहणाऱ्या एका मुलीचा. तिचा भाऊ समुद्रात हरवतो आणि ती त्याला शोधून परत आणते. आशू बारा वर्षांची असताना मी तिला एसटीने नाशिकला आणून तो दाखवला होता, हिंदीत. मी तेव्हा कॉलेजात होते, माझ्या मते मोठी झाले होते आणि असल्या सिनेमाला निव्वळ तिच्यासाठी आले होते. पहिलं गाणं सुरू झालं. मिठागरातली माणसं लांब दांड्यांच्या फावड्यांनी मीठ ओढत होती आणि त्या ओढण्याच्याच तालावर गात होती. मी बाजूला पाहिलं तर आशूचं तोंड उघडं होतं आणि पॉपकॉर्नचा हात तोंडाच्या अलीकडेच थांबला होता. परतीच्या बसमध्ये तिने ती सगळी गाणी एकापाठोपाठ एक म्हणून दाखवली. शब्द अर्धेमुर्धे होते. सूर मात्र जिथल्या तिथे होते.

घरी त्या सिनेमाचं नाव "मीठ" पडलं. आईसुद्धा म्हणायची, "ते तुमचं मीठ लावा बाई, म्हणजे ही जेवेल तरी." त्यात ती मुलगी हरवलेल्या भावाला शिळेने हाक मारते, तीन सुरांची, वर चढत जाणारी शीळ. आशूने ती आठवड्याभरात उचलली. अंगणात, बागेत, मोरीत कपडे धुताना, सगळीकडे ती शीळ. आई वैतागायची, आजूबाजूच्या बायका हसायच्या. मी सासरी नाशिकला आले, त्या दिवशी गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत ती मागून शीळ घालत होती. बाकीचे सगळे रडत होते आणि ही शीळ घालत होती, म्हणून एका मावशीने तिला रागे भरल्याचं मला नंतर कळलं.

तर त्या "मीठ"चा पुढचा भाग यायला अकरा वर्षं लागली. तोवर आशूने शेतकीची पदवी घेतली होती आणि आमच्या गावाजवळच्या एका पॅकहाउसमध्ये ती मालाची तपासणी करायला लागली होती. बाहेर देशी जाणारी द्राक्षं तिच्या हाताखालून जायची. मण्याचा आकार, रंग, देठ हिरवा आहे की सुकलाय, रस किती गोड. पांढरा कोट, डोक्याला जाळीची टोपी, आणि टोपीखाली एका कानात इअरफोन. सिनेमा मार्चमध्ये येणार होता, पण जानेवारीपासून त्याची गाणी एकेक करून मोबाइलवर येऊ लागली. दर आठ-दहा दिवसांनी एक. आणि प्रत्येक गाण्यामागून, आशूची जेवणाची सुट्टी झाली की, मला तिचा आवाज यायचा, रेकॉर्ड करून पाठवलेला. मागे बायकांचे आवाज, डबे उघडल्याचे आवाज, आणि पुढे ही.

"ताई, ऐक. मत क्रमांक एक. पहिल्या गाण्यात त्यांनी मशिनचा ठेका घातलाय. मीठ ओढल्यासारखं वाटतच नाही, वाळूचा डंपर खाली केल्यासारखं वाटतंय. पहिल्या सिनेमात त्या फावड्याच्या आवाजात एक खरखर होती, आठवतं? दमलेल्या माणसाची. आता सगळे जिममधून आल्यासारखे गातात."

मी गणित शिकवते. गाण्यातलं मला एवढंच कळतं की आवडलं किंवा नाही आवडलं. पण आशूची मतं मला फार आवडायची. मधल्या सुट्टीत मी ती कानाला लावून ऐकायची आणि एकटीच हसायची.

दुसरं गाणं गाढवांचं होतं, विनोदी. "हे लहान मुलांसाठी टाकलंय आणि लहान मुलांना एवढं मूर्ख समजायची गरज नव्हती," असा निकाल लागला. तिसरं गाणं आईचं होतं. मुलगी आता मोठी झालीय, शहरात निघालीय, आणि आई मीठ भरता भरता गाते. गायिका पहिल्या सिनेमातलीच होती. तिचा आवाज जाड झाला होता, वरच्या पट्टीला जाताना चिरकत होता. मला ते अजिबात आवडलं नाही. मी आशूला फोन करून म्हटलं, "दुसरी कुणी घ्यायची ना. काय तो आवाज झालाय तिचा."

आशू चिडलीच. "ताई, असं कसं म्हणतेस? सिनेमातली आईपण अकरा वर्षांनी मोठी झालीय. तिने तरुण आवाजात गायचं का? पुढचा भाग म्हणजे काय असतं सांग बरं. तीच माणसं, फक्त थकलेली. हे त्यांना त्या एका गाण्यात कळलंय. बाकी ठिकाणी नाही कळलं."

"बरं बाई," मी म्हटलं.

"बरं बाई नाही. परत ऐक. डोळे मिटून ऐक."

मी डोळे मिटून ऐकलं आणि तरी मला ते आवडलं नाही. हे मी तिला सांगितलं नाही.

तो हंगाम थंडीने लांबला होता. सकाळी बागेतल्या तारांवर दव असायचं आणि अण्णा, आमचे वडील, कानटोपी घालून घडांखालून वाकून फिरायचे. दुपारी ऊन चढलं की मण्यांमध्ये उजेड भरायचा, हिरव्याचा पिवळसर व्हायचा. पाखरं यायची. द्राक्षाच्या बागेत पाखरू म्हणजे वैरी. बागेवरून चमकत्या पट्ट्या ताणलेल्या असतात, वारा आला की त्या भुणभुणतात, आणि माणसं पत्र्याचे डबे वाजवत फिरतात. मी हे सगळं मुद्दाम लिहितेय. आशूला पाखरांचा आवाज येईनासा झाला होता, आणि आमच्याकडे कुणालाही ते जाणवलं नाही, कारण पाखरांचा आवाज बंद झाला तर आमच्याकडे माणसं सुटकेचा निःश्वास सोडतात. आशूलाही वाटलं असेल, यंदा पाखरं कमी आहेत.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात चौथं गाणं आलं. निरोपाचं. मी शाळेतून घरी येऊन स्वयंपाकघरात ते लावलं. सुंदर होतं. अगदी माझ्यासारखीलाही कळावं इतकं. आणि मध्येच, शब्द थांबल्यावर, पाठीमागून, फार लांबून, ती जुनी तीन सुरांची शीळ आली. माझ्या हातातलं लाटणं थांबलं. मला अंगणातली बारा वर्षांची आशू दिसली. मला वाटलं, आज ही फोनवर रडणार.

तिचं रेकॉर्डिंग आलं ते संतापलेलं होतं. "ताई, मत क्रमांक चार. यांनी शीळ काढून टाकली! तुला पटतंय का? निरोपाचं गाणं आहे, ती भावाला सोडून निघालीय, मधे एवढी मोठी रिकामी जागा ठेवलीय, आणि तिथे काहीच नाही. शीळ नाही! शिळेशिवाय हे गाणं म्हणजे नुसतं मुसमुसणं आहे. मी यावर लिहिणारेय."

मी लगेच फोन केला. "अगं आहे ना शीळ. दुसऱ्या कडव्यानंतर."

"नाहीये."

"आशू, आहे. तीन वेळा आहे."

"मी वीस वेळा ऐकलं ताई. तिथे नुसती शांतता आहे."

"तू पॅकहाउसच्या गोंगाटात ऐकलं असशील."

"घरी ऐकलं. हेडफोन लावून."

असं बराच वेळ चाललं. माझ्या गॅसवर पोळी करपत होती, इरा अभ्यासाला बसत नव्हती, आणि मी वैतागून म्हटलं, "मग जाऊन कान तपासून घे एकदा. एवढी मतं देतेस ती."

ती हसली नाही. "ठेवते," म्हणाली.

त्या सिनेमाच्या चाहत्यांचं इंटरनेटवर एक पान होतं, जगभरचे लोक तिथे लिहायचे. आशू तिथे इंग्रजीत लिहायची, डिक्शनरी शेजारी ठेवून. त्या दिवशी तिने तिथे मोठा लेख टाकला की संगीतकाराने पहिल्या सिनेमाच्या जिवाला हात घातला, शीळ कापली. खाली लोक तुटून पडले. शीळ आहे की, तू काय ऐकतेस, आधी नीट ऐक. एकाने लिहिलं, कान साफ कर. ती प्रत्येकाला उत्तर देत राहिली. दोन दिवस भांडली.

रविवारी ती नाशिकला माझ्याकडे आली. येताना पिशवीभर द्राक्षं आणली आणि आल्या आल्या म्हणाली, "तुझ्याकडचा मोठा स्पीकर लाव. आज निकाल लावू." आम्ही हॉलमध्ये बसलो. सकाळचे अकरा वाजले असतील, गॅलरीतून ऊन आत आलेलं. इरा तेव्हा सात वर्षांची होती. तिला मी सांगितलं, शीळ वाजली की बोट वर कर. तिला तो खेळ वाटला.

गाणं सुरू झालं. पहिलं कडवं गेलं. दुसरं गेलं. शब्द थांबले. इराने बोट वर केलं. खाली केलं. परत वर केलं. "मावशी, ही बघ! परत! ही बघ!" शीळ खोलीभर वाजत होती. मी आशूकडे पाहिलं. तिची मान थोडी पुढे आली होती आणि ती स्पीकरकडे पाहतच नव्हती. ती इराच्या बोटाकडे पाहत होती. बोट वर जायचं तेव्हा तिच्या कपाळावर एक आठी यायची, जणू तिला कुणी परक्या भाषेत पत्ता सांगतंय.

गाणं संपलं. इराने विचारलं, "मावशी, मी जिंकले का?"

"हो," आशू म्हणाली. "जिंकलीस." आणि मग माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात, "ताई, मला खरंच काही ऐकू नाही आलं."

त्यानंतर एकेक गोष्ट आठवायला लागली. आई महिनाभर तक्रार करत होती, "लय शेफारलीय ही. दहा हाका मारल्या तरी ओ देत नाय." कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम आशूचं, आणि दोनदा वरण करपलं होतं. पॅकहाउसमध्ये दरवर्षी डोंगराकडच्या बायका घड छाटायला येतात. त्यांच्यात हरसूलची एक यमुनाबाई होती, आशूहून वयाने बरीच मोठी. तिने जानेवारीतच आशूला विचारलं होतं, "ताई, तुमी आमच्या तोंडाकं पाहून बोलणं वळखता का?" आशूने ते हसण्यावारी नेलं होतं. जे आम्हा घरच्यांना दिसलं नाही ते रोज समोर बसून कात्री चालवणाऱ्या बाईला दिसलं होतं.

कानाच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा तपासणी करणाऱ्या मॅडमनी तिला काचेच्या एका छोट्या खोलीत बसवलं, मोठे हेडफोन लावले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी काचेबाहेर उभी होते. सुरुवातीला बटणाचा दिवा लागत होता. मग दोन लागण्यांमधलं अंतर वाढलं. मग मॅडम यंत्रावरचा काटा पुढे सरकवत राहिल्या आणि दिवा लागलाच नाही. आत आशू बटणावर अंगठा ठेवून शहाण्या मुलीसारखी वाट पाहत होती.

बाहेर आल्यावर मॅडमनी कागद दाखवला. आलेख होता. मी रोज फळ्यावर आलेख काढते, मुलांना सांगते की रेषा काय सांगते ते वाचायला शिका. डावीकडे खालचे सूर, उजवीकडे वरचे. रेषा डावीकडे ठीक होती, मधे वाकली होती आणि उजवीकडे कड्यावरून पडावी तशी पडली होती. दोन्ही कानांची. मॅडम समजावत होत्या की आतली नस आहे, वरचे आवाज आधी जातात, पाखरं, शिट्ट्या, स आणि श ही अक्षरं. कारण नेमकं सांगता येत नाही. डॉक्टर औषध देतील, काहींना फरक पडतो. आशूने विचारलं, "आणि ही रेषा इथेच थांबेल ना?"

मॅडम म्हणाल्या, "बघू या आपण." त्यांचा आवाज चांगला होता, मायेचा होता. आशूला तो पूर्ण पोचला की नाही, मला माहीत नाही.

गाडीत ती म्हणाली, "म्हणजे संगीतकाराने काही कापलं नव्हतं."

मी म्हटलं, "आशू, त्या दिवशी मी जे बोलले..."

"बरोबरच बोललीस की. तपासून घे म्हणालीस. घेतले."

तिने हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

घरी पोचल्यावर तिने पहिलं काम केलं ते त्या चाहत्यांच्या पानावर लिहिण्याचं. मला दाखवलं. चारच ओळी होत्या. चौथ्या गाण्यात शीळ आहे. मला ती ऐकू येत नाही, आज तपासणीत कळलं. मी संगीतकाराबद्दल जे लिहिलं ते चुकीचं होतं, माझं मत मागे घेते. बाकीच्या गाण्यांबद्दलची मतं सध्या तशीच ठेवा, पण तीही कदाचित तपासावी लागतील. खाली काही जणांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. कान साफ कर असं ज्याने लिहिलं होतं, त्याने आपली ओळ गुपचूप काढून टाकली. माझी ओळ मात्र मला कुठूनच काढता आली नाही. ती माझ्या स्वयंपाकघरात बोललेली होती.

औषधाने पंधरा दिवस थोडा फरक पडला. त्या पंधरा दिवसांत आम्ही काय काय ठरवलं! मग रेषा परत उतरायला लागली. दोन्ही कानांना यंत्रं आली. सिनेमा लागला तेव्हा शाळांच्या परीक्षा आणि पॅकहाउसमधली धांदल दोन्ही ऐन भरात होती, तरी आशू रजा टाकून आली. दुपारचा खेळ, ती, मी आणि इरा. पहिलं गाणं सुरू झालं आणि तिने दोन्ही हात कानांवर नेले. थोड्या वेळाने यंत्रं काढून मांडीवरच्या रुमालात ठेवली आणि सबंध सिनेमा तसाच पाहिला. इरा अधूनमधून तिच्याकडे वळून बोलायची, आशू मान हलवायची. चौथ्या गाण्याला मी तिच्याकडे पाहायचं टाळलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, "कसा वाटला?" तिने माझे ओठ पाहिले. "चित्रं फार छान काढलीत," ती म्हणाली. "पाण्यावरचा उजेड बघितलास? गाण्यांबद्दल मत नाही." आशूच्या तोंडून हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. उन्हात पार्किंगपर्यंत चालत जाताना मला ते पुन्हापुन्हा ऐकू येत होतं.

खालचे सूर तेवढे बरेच दिवस राहिले. त्यामुळे सात गाण्यांपैकी एकच गाणं तिला पोचत राहिलं, ते आईचं. तो जाड झालेला आवाज, जो मला नको होता. एप्रिलमध्ये बागेतला शेवटचा माल निघाला, पानं पिवळी पडली, यमुनाबाई आणि तिच्या सोबतच्या बायका आपापल्या गाठोड्यांसह गावाकडे परतल्या. त्या दुपारी मी माहेरी गेले होते. आशू ओसरीवर बसली होती, स्पीकर मांडीवर घेऊन, त्यावर दोन्ही तळवे ठेवून. आई आतून सांगत होती की आवाज कमी कर, कानठळ्या बसताहेत. मी समोर जाऊन बसले. गाणं चालू होतं, गाण्यातली आई मीठ भरत होती, आवाज वर जाताना चिरकत होता, आणि का कोण जाणे, त्या दिवशी मला ते गाणं आवडलं. हे मी तिला सांगायला तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, जरा मोठ्याने, कारण आताशा तिला स्वतःचा आवाजही नीट येत नव्हता, "आज शब्द गेले, ताई. नुसतं थरथरतंय."

मी तिच्या हातांवर हात ठेवले. खरंच थरथरत होतं. गाणं संपेपर्यंत आम्ही तशाच बसलो. आई बाहेर आली, आमच्याकडे पाहून परत आत गेली, आणि आवाज कमी कर असं पुन्हा म्हणाली नाही.

पुढचं सगळं सांगण्यासारखं आहे, पण ते गोष्टीसारखं नाही. दीड वर्षाने शस्त्रक्रिया झाली, डाव्या कानात आत यंत्र बसवलं. मग महिनोन्महिने नव्याने ऐकायची शिकवणी. आता ती समोरासमोर बोललेलं समजते, आईच्या हाकेला ओ देते. पॅकहाउसमध्ये आता ती मुख्य तपासनीस आहे, आणि बायकांना सांगून ठेवलंय की माझ्याशी बोलताना कात्री खाली ठेवा, तोंड समोर करा. हे थोडं नाही, मला ठाऊक आहे. आई तर जाईल तिथे सांगते, "देवानं पोरीचा कान दिला परत." फक्त गाणं परत आलं नाही. तिने खूप प्रयत्न केला. एकदा मी विचारलं की कसं येतं ऐकू, तर म्हणाली, "मिक्सरमध्ये खडे. ताल कळतो. सूर म्हणशील तर सगळे एकाच रंगाचे झालेत." मग तिने प्रयत्न सोडला. तिच्या खोलीतला स्पीकर तिने इराला दिला. शीळ ती घालत नाही. कुणी विचारत नाही.

मला मात्र त्यानंतर कळलं की मी गाणी ऐकायचीच सोडली आहेत. मोबाइलवर काही लागलं तर मी बंद करते. आधी मला वाटायचं की हे तिच्यासाठी आहे. मग एकदा गाडी चालवताना लक्षात आलं की मला ऐकायचं कसं तेच माहीत नाही. आयुष्यभर माझ्यापर्यंत प्रत्येक गाणं आशूकडून आलं. तिने आधी ऐकावं, चिरफाड करावी, मला सांगावं, आणि मग मला ते आवडावं किंवा न आवडावं.

आणि मागच्या आठवड्यात तिचा मेसेज आला. लिहिलेला, रेकॉर्ड करून पाठवणं तिने कधीच थांबवलंय. "मीठ-तीन येतोय. पहिलं गाणं आलं. तू ऐक आणि मला लिहून पाठव. 'छान आहे' असं लिहू नकोस."

मला रिकामा तास होता. स्टाफरूममध्ये कुणी नव्हतं. मी इअरफोन लावले, ऐकलं, आणि लिहिलं, "सुरुवात हळू आहे. मग वाद्यं वाढतात. शेवट जरा उदास वाटला."

उत्तर लगेच आलं. "हा हवामानाचा अंदाज झाला. गाते कोण? एकटी? श्वास कुठे कुठे घेते?"

मी परत ऐकलं. श्वास ऐकायचे असतात हे मला माहीत नव्हतं. कागद घेतला, ओळी मांडल्या, आणि गणितात पायऱ्या लिहितात तसं लिहीत गेले. एकटी गाते. प्रत्येक ओळीच्या मधेच श्वास घेते, ओळ पूर्ण व्हायच्या आधी. दुसऱ्या कडव्यात एका ओळीत दोनदा. ताल आधी सरळ, नंतर एक ठोका जड आणि एक हलका. चौथ्यांदा ऐकलं तेव्हा कागद भरला. फोटो काढून पाठवला.

उत्तराची वाट बघत मी दोन वह्या तपासल्या. मग आलं, "म्हणजे ती चढ चढतेय. पाठीवर ओझं आहे. यावेळी गोष्ट डोंगरातली आहे, ताई."

मी इअरफोन परत लावले. आणि खरंच, ती चढत होती. इतकं उघड होतं ते. पाऊल, ओझं सावरणं, पाऊल, श्वास. चारदा ऐकूनही मला फक्त गाणं ऐकू आलं होतं. डोंगर तिला दिसला होता, माझ्या गिचमिड अक्षरातून.

तिने विचारलं, "शेवटी माथ्यावर पोचते का? श्वास नीट होतो का तिचा?"

मी शेवटचं कडवं पुन्हा लावलं. डोळे मिटून ऐकलं. वाद्यं एकेक करून थांबली, शब्द संपले, आणि अगदी शेवटच्या सेकंदापर्यंत ती धापा टाकत होती.

"नाही," मी लिहिलं. "गाणं संपतं, पण ती अजून चढतेच आहे."

"मग गाणं चांगलं आहे," आशूने लिहिलं.

तासाची घंटा झाली. मी तोंडावर पाणी मारलं आणि सातवीच्या वर्गावर गेले.